पार्ट १०७च्या नोंदी : मिरवणुकीवर ड्रोन उडवण्याआधी

११ मे २०२५

मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ ड्रोनवरून करायचा, ढोल-ताशा पथकासकट. ड्रोन माझ्याकडे आहे, त्यामुळे काम माझ्याकडे. मी म्हटलं, त्याआधी एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, रिमोट पायलट सर्टिफिकेट काढावं लागेल, परीक्षा असते. अध्यक्ष काका म्हणाले, "अगं, अडीचशे ग्रॅमचं खेळणं ते! त्याला कसली परीक्षा? आणि आपण तुला पैसे तरी कुठे देतोय?"

न्यू जर्सीतल्या निम्म्या ड्रोनवाल्यांचं हेच मत आहे, म्हणून आधी एवढं लिहून ठेवते. पैसे घेता की नाही, यावर काहीच ठरत नाही. निव्वळ स्वतःच्या मौजेसाठी उडवलं तरच ते हौशी उड्डाण. शाळेच्या वेबसाइटसाठी फुटबॉल मॅचचे फोटो काढले, किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी फुकट किनाऱ्याची पाहणी केली, तरी ते हौशी नव्हे. ही दोन्ही उदाहरणं एफएएनेच दिलेली आहेत. मंडळाचा व्हिडिओ त्यातच बसतो. तो पार्ट १०७मध्ये, म्हणजे हौशी नसलेल्या ड्रोन-उड्डाणांच्या एफएएच्या नियमांत जातो, आणि पार्ट १०७ला परीक्षा आहे. हौशी लोकांची 'ट्रस्ट' नावाची ऑनलाइन चाचणी मी पूर्वीच दिली आहे, ती फुकट असते आणि तिच्यात नापास होता येत नाही. ती इथे चालत नाही.

वजनाचंही तसंच. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नोंदणीची सूट आहे ती फक्त हौशी उड्डाणाला. पार्ट १०७खाली उडवायचा तर नोंदणी हवीच : एका ड्रोनला ५ डॉलर, ३ वर्षांसाठी. आजच करून टाकली.

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी आहे. त्याच्या आत सगळं व्हायला हवं.

१४ मे

कागदपत्रं. आधी एफएएच्या 'आयाक्रा' या साइटवर खातं काढायचं. तिथे एक एफटीएन क्रमांक मिळतो, तो आयुष्यभर तोच राहतो. तो घेऊन परीक्षा घेणाऱ्या पीएसआयच्या साइटवर दुसरं खातं. फी १७५ डॉलर, दर खेपेला. नापास झालात तर १४ दिवस थांबायचं आणि पुन्हा १७५ भरायचे. परीक्षेला वयाची अट १४, सर्टिफिकेटला १६.

आपल्या लोकांनी नावाकडे नीट बघावं. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, पूर्ण. ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं नुसतं आद्याक्षर. आणि आयाक्रामध्ये मधल्या नावाचा वेगळा रकाना. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार त्याच्याशी जुळेल असंच नाव सगळीकडे घालायचं. ग्रीन कार्डवाल्यांना लायसन्स पुरतं. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि इथलं लायसन्स, दोन्ही न्यायचं. लायसन्सवरचा पत्ता जुना असेल तर आधी तो बदलून घ्या. सगळं जुळवण्यात आजची संध्याकाळ गेली, अभ्यास शून्य.

तारीख अजून घेतलेली नाही.

१ जून

एफएएचं फुकट मिळणारं अभ्यास-पुस्तक छापून घेतलं. आधी वाटलं, सरकारी आहे, फुकट आहे, अजून काय हवं. पण ते २०१६चं आहे. रात्री उडवायला वेगळी सूट मागावी लागते, माणसांवरून उडवायचंच नाही, असं सगळं त्यात आहे आणि ते आता जुनं झालंय. २१ एप्रिल २०२१पासून नियम बदलले. आता रात्री उडवता येतं, फक्त तीन मैलांवरून दिसेल असा लुकलुकणारा दिवा हवा. माणसांवरून उडवायला चार वर्ग केलेत. परीक्षेत प्रश्न नव्या नियमांवर येतात. मी जुन्यावरच वहीभर नोट्स काढून बसले होते, त्या फाडल्या.

आता असं करते : हवामान, वजन, चार्ट (वैमानिकांचे नकाशे) यासाठी तेच पुस्तक, कारण ते बदलत नाही. नियमांसाठी थेट पार्ट १०७चा मूळ मजकूर. तो वाटतो त्यापेक्षा छोटा आहे आणि भाषा सरळ आहे. पैसे भरून घेण्याचे कोर्स बरेच आहेत. मी घेतला नाही, आणि आतापर्यंत तरी अडलेलं नाही.

८ जून

परीक्षेची मांडणी : ६० प्रश्न, १२० मिनिटं, प्रत्येकाला तीन पर्याय, पास व्हायला ७० टक्के, म्हणजे ४२ बरोबर. उणे गुण नाहीत. सर्वांत जास्त वाटा 'ऑपरेशन्स'चा, ३५ ते ४५ टक्के. नियम आणि एअरस्पेस (आकाशाचे नियंत्रणानुसार पाडलेले बी, सी, डी, ई, जी असे भाग) प्रत्येकी १५ ते २५. हवामान ११ ते १६. वजन आणि कामगिरी सर्वांत कमी.

हे वाचून ऑपरेशन्सवर जोर द्यावा असं वाटतं. देऊ नका. त्यातलं बरंचसं डोकं ठिकाणावर ठेवून वाचलं की सुटतं. मार्क जातात ते चार्टवर. ड्रोन कसा उडवायचा याबद्दल या परीक्षेत जवळजवळ काही नाही. स्टिक डावी की उजवी, कॅमेरा कुठला, काही विचारत नाहीत. विमानाच्या पायलटला जो कागद वाचता यावा लागतो तो तुम्हाला वाचता येतो का, एवढंच बघतात.

१५ जून

चार्ट. पूर्ण वीकेंड यावर गेला.

परीक्षेत चित्रांचं एक छापील पुस्तक हातात देतात, प्रश्नात 'आकृती २१ पाहा' असं येतं. तेच पुस्तक एफएएच्या साइटवर फुकट आहे. त्याचीच रंगीत प्रिंट काढून अभ्यास करावा, म्हणजे परीक्षेत पानं ओळखीची वाटतात. काळी-पांढरी काढू नका. सगळा खेळ निळ्या आणि किरमिजी रंगाचा आहे : ठळक निळी रेघ बी, ठळक किरमिजी सी, तुटक निळी डी, तुटक किरमिजी म्हणजे जमिनीपासून सुरू होणारा ई. या चौघांत परवानगी लागते. किरमिजी रंगाची धूसर पट्टी दिसली तर तिथे ई हा ७०० फुटांवर सुरू होतो. आपण ४०० फुटांखाली, म्हणजे परवानगी नको. प्रश्न काढणारे याच पट्टीवर टपून बसलेले असतात.

मला जास्त नडलं ते रेखांश. शाळेत आपण भारताचा नकाशा गिरवला : मुंबई ७३ पूर्व, प्रमाणवेळेची रेघ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व, उजवीकडे जावं तसा आकडा वाढतो. अमेरिकेत सगळं पश्चिम रेखांश, तिथे डावीकडे जावं तसा आकडा वाढतो. हे डोक्याला कळतं, पण बोट आपलं उजवीकडेच सरकतं. एफएएच्याच नमुना प्रश्नांत नॉर्थ डकोटाचा एक आहे : ४७ अंश ४० मिनिटं उत्तर, १०१ अंश २६ मिनिटं पश्चिम, इथे कुठलं विमानतळ? १०१ची रेघ धरून डावीकडे २६ बारीक खुणा, मग वर, उत्तर गॅरिसन. उजवीकडे मोजलं तर भलतीकडेच जाता, आणि पर्यायांत दुसरी विमानतळं तुमची वाट बघत असतात. आता मी प्रश्न वाचायच्या आधी कागदावर डावीकडे जाणारा बाण काढते. बाळबोध आहे, पण चुका थांबल्या.

उंचीचंही तसंच. मनोऱ्याशेजारी दोन आकडे असतात : ठळक तो समुद्रसपाटीपासून, कंसातला जमिनीपासून. आपली ४०० फुटांची मर्यादा जमिनीपासून. पण मनोऱ्यापासून ४०० फुटांच्या आत असाल तर त्याच्या टोकापासून आणखी ४०० फूट वर जाता येतं. म्हणजे जमिनीपासून १००० फुटांचा मनोरा असेल तर १४०० फूट. हे उत्तर पहिल्यांदा चुकीचंच वाटतं.

नंतर आपल्या घराचा चार्ट उघडून बसले. न्यूयॉर्कचा सेक्शनल (त्या भागाचा वैमानिकांचा चार्ट) म्हणजे रांगोळीवर कुणीतरी पाय दिलेला. नुअर्क, ला ग्वार्डिया, केनेडी अशा तीन विमानतळांचा मिळून एक बी, वर ७००० फुटांपर्यंत, खाली पायऱ्यापायऱ्यांचा. त्याच्या कडेला मॉरिसटाउन, कॉल्डवेल, टीटरबरो हे डी. पण आमचं मैदान या पायऱ्यांच्या खाली, मोकळ्या जी एअरस्पेसमध्ये येतं. परवानगी नको. तरीही एकदा 'लान्स'च्या (ड्रोनला एअरस्पेसची परवानगी देणाऱ्या यंत्रणेच्या) अ‍ॅपवर बघून खात्री केली.

२२ जून

हवामान. मेटार (विमानतळावरच्या सध्याच्या हवामानाची नोंद) आणि टाफ (तिथला अंदाज) म्हणजे कोडभाषा, पण दोन तासांत येते. वेळ झुलूमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत. उन्हाळ्यात न्यू जर्सीची वेळ अधिक ४, हिवाळ्यात अधिक ५. भारतात फोन करायचा म्हणून रोज हिशेब करणाऱ्यांना हे अवघड नाही. तापमान सेल्सिअसमध्ये असतं, ही आपली सोय. वारा नॉट्समध्ये, दृश्यता मैलांत, ढग शेकड्यांत : 'ओव्हीसी ००७' म्हणजे ७०० फुटांवर पूर्ण आभाळ भरलेलं.

सापळा असा. शिकागोच्या मिडवे विमानतळाचा एक मेटार त्या चित्रांच्या पुस्तकात आहे. दृश्यता दीड मैल, ढग ७०० फुटांवर. ढगापासून ५०० फूट खाली राहायचं, म्हणून ७०० वजा ५००, २०० फुटांपर्यंत उडवता येईल असं गणित कोणीही करेल. पण दृश्यता किमान तीन मैल हवी. दीड मैलाला ड्रोन पेटीतच राहतो. प्रश्न कुठल्या अटीबद्दल आहे ते आधी बघायचं.

स्थिर हवा आणि अस्थिर हवा यांत मी उलटसुलट करत होते. 'अस्थिर' म्हटलं की दृश्यताही वाईट असणार असं वाटतं. मग वळवाच्या आधीची दुपार आठवली : ढग उभे चढत जातात, लांबचा डोंगर स्वच्छ दिसतो, वारा झोडपतो आणि पाऊस सरींनी येतो. ती अस्थिर हवा. थंडीतली धुकट सकाळ, ढग चादरीसारखे, वारा नाही, समोरचं घर दिसत नाही : ती स्थिर. पाठांतर बंद केलं.

वजन आणि कामगिरीला एक संध्याकाळ पुरली. गरम, दमट, उंच जागा म्हणजे ड्रोनला कमी उचल. ६० अंश कलून घेतलेल्या वळणात भार दुप्पट. बाकी तक्ता पुस्तकात असतोच.

५ जुलै

आज सराव उड्डाण करायचं होतं. झालं नाही. राष्ट्राध्यक्ष बेडमिन्स्टरच्या आपल्या गोल्फ क्लबवर आले की ३० सागरी मैलांचं वर्तुळ बंद होतं, आणि मध्य न्यू जर्सीचा बराच भाग त्यात येतो. ड्रोन अजिबात नाही, २४९ ग्रॅमचाही नाही. आज तर वर्तुळात घुसलेल्या एका छोट्या विमानाला नोरॅडच्या (अमेरिका-कॅनडाच्या हवाई संरक्षण दलाच्या) लढाऊ विमानाने अडवल्याची बातमी आहे. डिसेंबर २०२४मध्ये ड्रोन दिसल्याच्या गदारोळानंतर राज्यातल्या अनेक गावांवर अशीच तात्पुरती बंदी आली होती.

अभ्यास-पुस्तकात टीएफआरवर, म्हणजे अशा तात्पुरत्या उड्डाणबंदीवर, थोडंच आहे. इथे राहणाऱ्याला रोज सकाळी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) बघण्याची सवय त्यापेक्षा जास्त लागते. काकांना फोन करून सांगितलं की ६ सप्टेंबरला हे झालं तर व्हिडिओ खालूनच. ते म्हणाले, "बाप्पा बघून घेतील."

१३ जुलै

रेडिओवरचे प्रश्न डोक्यात बसत नव्हते. 'रनवे १३ला लेफ्ट डाउनविंड, मिडफील्ड' (उतरण्याआधी रनवेला समांतर, उलट दिशेने, मध्यावर) असं विमान बोललं, तर ते रनवेच्या कुठल्या बाजूला? वाचून कळेना, म्हणून सोलबर्गच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर गाडी लावून फोनवर रेडिओ ऐकत बसले. पायलट काय बोलतो आणि विमान कुठे दिसतं, हे चार-पाच वेळा जुळवलं की कायमचं बसतं. रनवे १३ म्हणजे विमान उतरताना तोंड १३० अंशांकडे, साधारण आग्नेयेला. सगळी वळणं डावीकडे, म्हणून डाउनविंडचं विमान रनवेच्या ईशान्य अंगाला. पर्यायांत ईशान्य नसतं. पूर्व असतं, ते निवडायचं. इंग्लंड-अमेरिकेतल्या व्हिडिओंपेक्षा ही एक दुपार जास्त कामाला आली. खर्च : पेट्रोल आणि एक कणीस.

२० जुलै

परीक्षेची तारीख घेतली, ८ ऑगस्ट. केंद्र एका फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात आहे. जवळच्या केंद्रात दोन आठवडे जागा नव्हती, तेव्हा लांबचं घेतलं. तारीख आधी घेऊन मग अभ्यासाला बसावं, हे आता कळतं.

२७ जुलै

सराव परीक्षा. पासच्या वर जातेय, पण सारखी त्याच दोन-तीन ठिकाणी अडकते. लिहून ठेवते.

अपघात १० दिवसांत कळवायचा, तोही गंभीर इजा असेल, कोणी बेशुद्ध झालं असेल किंवा ड्रोन सोडून दुसऱ्या मालमत्तेचं ५०० डॉलरच्या वर नुकसान झालं असेल तरच. स्वतःचा ड्रोन हजार डॉलरचा असला आणि तलावात बुडाला तरी कळवायचा नाही. आणीबाणीत नियम मोडावा लागला तर एफएएने विचारलं तरच लेखी द्यायचं. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. दारू : प्यायल्यावर ८ तास उडवायचं नाही आणि रक्तातलं प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या खाली हवं, दोन्ही अटी. कमाल वेग ताशी १०० मैल म्हणजे ८७ नॉट्स. पर्यायांत '१०० नॉट्स' मुद्दाम ठेवलेला असतो.

आणि एक. उत्तर माहीत नसेल तर तीनांतला सर्वांत सावध पर्याय निवडावा, असं सगळे सांगतात. मी तसं करून पाहिलं. आणीबाणीच्या आणि अपघाताच्या प्रश्नांत हमखास चुकतं.

८ ऑगस्ट

परीक्षा झाली. पास, ऐंशीच्या वर.

आत काय मिळतं ते सांगते : चित्रांचं पुस्तक, त्यावर ठेवायची पारदर्शक शीट, कोरे कागद, पेन्सिल. साधा कॅल्क्युलेटर चालतो. मी भिंग नेलं होतं, ते वापरू दिलं आणि ते फार उपयोगी पडलं, कारण पुस्तकातले चार्ट बारीक छापलेले आहेत आणि चाळिशी आली आहे. चित्रांचे प्रश्न 'नंतर' म्हणून बाजूला ठेवले, बाकीचे आधी उरकले. वेळ भरपूर उरतो, घाई करायचं कारण नाही.

टाफवर एक प्रश्न गेला, आणि बहुतेक दोन एअरस्पेसवर. निकालपत्रावर प्रश्न देत नाहीत, चुकलेल्या विषयांचे कोड देतात. निकाल तिथेच छापून मिळतो. तो कागद जपा.

११ ऑगस्ट

निकालपत्रावर १७ आकडी परीक्षा क्रमांक असतो, तो घालून आयाक्रामध्ये सर्टिफिकेटचा अर्ज करायचा. त्याच दिवशी घालून बघितला तर तो सापडत नव्हता. यंत्रणेत उतरायला ४८ तास लागू शकतात. आज सापडला. आता टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) पार्श्वभूमी तपासणी, मग तात्पुरतं सर्टिफिकेट ईमेलने. त्यावर उडवता येतं. प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने यथावकाश. याची वेगळी फी नाही. पुढे दर २४ महिन्यांनी ऑनलाइन उजळणी, तीही फुकट.

२४ ऑगस्ट

तात्पुरतं सर्टिफिकेट आलं. काकांनी मंडळाच्या ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं. आणि आजच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांचा विरस केला.

त्यांना हवा होता तो शॉट असा : पथक रिंगण करून वाजवतंय, ड्रोन बरोबर वर, कॅमेरा सरळ खाली. तो करता येत नाही. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे माणसांवरून उडवायची मुभा मिळाली असं नाही. पहिल्या वर्गासाठी ड्रोन सगळ्या सामानासकट ०.५५ पौंडांच्या आत हवा, आणि कातडी कापेल असं उघडं फिरतं पातं नको. माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा, पण पाती उघडी. गार्ड बसवले की वजन पुढे जातं. म्हणजे दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचा ड्रोन कंपनीने तसा घोषित केलेला लागतो, माझा तसा नाही. शिवाय उघड्यावरच्या जमावावर थांबून उडवायला रिमोट आयडी (ड्रोनने उडताना स्वतःची ओळख प्रसारित करणं) हवाच.

पथकप्रमुख म्हणाला, "ताई, पण वाजवणारी सगळी आपलीच पोरं आहेत. लिहून देतील ना." लिहून देऊन चालत नाही. खाली असायला परवानगी आहे ती उड्डाणात थेट सहभागी असणाऱ्यांना : पायलट, निरीक्षक, त्यांचे मदतनीस. ज्यांचं चित्रण होतंय ते त्यात येत नाहीत. हा नियम मला परीक्षेमुळेच नीट कळला. परीक्षा दिली नसती तर मीही तो शॉट घेतला असता.

मग कागदावर मैदान काढलं. शाळेच्या पार्किंगची एक लांब बाजू दोरीने रिकामी ठेवायची, ड्रोन फक्त त्या पट्टीवर पुढेमागे, कॅमेरा तिरका. शाळेकडून लेखी परवानगी. सूर्यास्त साधारण ७ वाजून २० मिनिटांनी, त्याआधी उतरवायचा, म्हणजे दिव्याची भानगड नको.

३० ऑगस्ट

जागेवर सराव. एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती : ढोल सुरू झाले की निरीक्षकाचं बोलणं पायलटला ऐकू येत नाही. शेजारची वहिनी निरीक्षक आहे, ती दहा फुटांवरून ओरडत होती आणि मला फक्त तोंड हलताना दिसत होतं. हाताच्या खुणा ठरवल्या : मूठ म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे उतरव, डोक्यावर हात म्हणजे विमान किंवा हेलिकॉप्टर. वहिनीला लाल टोपी दिली, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसावी म्हणून.

७ सप्टेंबर

काल सकाळी नोटॅम बघितला, वर्तुळ नव्हतं. उड्डाण झालं. दोरी दोनदा सरकली, कारण फोटो काढायला लोक रिकाम्या पट्टीत येत होते. दोन्ही वेळा ड्रोन उतरवला. यासाठी दोन स्वयंसेवक कमी पडले, चार हवे होते. गुलाल उधळला तेव्हा ड्रोन मुद्दाम लांब नेला. बारीक पूड मोटरमध्ये गेली तर साफ करणं मुश्कील.

तिरके शॉट चांगले आलेत. झांजा उन्हात चमकतात ते वरून सरळ घेतलं असतं तर दिसलं नसतं, असं माझं म्हणणं. पथकप्रमुखाला ते पटलेलं नाही. त्याला तो रिंगणाचा शॉट हवाच आहे, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गाचा ड्रोन भाड्याने मिळतो का ते बघायला त्याने मला सांगितलंय. भाड्याने घ्यायचा तर त्या मॉडेलची अनुपालन-घोषणा एफएएच्या यादीत आहे का ते आधी तपासायचं, ड्रोनवर वर्गाचं लेबल आहे का ते बघायचं, आणि मगच पैशाचं बोलायचं.